काकांच्या डब्यातली पितळी गाडी: चालवावी, जपावी की तशीच दुसरी बांधावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गल्लत नको. काका १९६० च्या दशकात अमेरिकेत शिकायला होते. त्यांच्या सामानात, पत्र्याच्या डब्यात, एक स्लॉट कार निघाली, म्हणजे ट्रॅकच्या खाचेत धावणारी आणि ट्रॅकमधूनच वीज घेणारी छोटी गाडी. पितळी नळ्या जोडून केलेली चॅसिस (गाडीचा सांगाडा), लांबीच्या दिशेने बसवलेली उघडी मोटर, वर फोर्ड जीटी४० या शर्यतीच्या गाडीच्या आकाराची पातळ पारदर्शक प्लास्टिकची बॉडी, आतून निळा रंग. टायर टणक झालेत, पितळ काळं पडलंय. तुम्हाला ती चालू करायची आहे, चकाचक करायची आहे आणि जमलं तर तशीच आणखी एक बांधायची आहे. शिवाय मागच्या बाजूला चिकटलेला पिवळ्या टेपचा तुकडा काढावा का, हेही तुम्ही विचारलंय.

थोडक्यात सांगायचं तर चालू करा, पण हळूहळू. चकाचक अजिबात करू नका. दुसरी मात्र जरूर बांधा. टेपचं शेवटी सांगतो.

पहिलं मोटरचं, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं आणि तेही प्रेमापोटी. तुमच्या वर्णनावरून ती खुल्या चौकटीची मोटर आहे: एका टोकाला चुंबकाचा ठोकळा, त्यातून पुढे आलेल्या दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारं आर्मेचर, म्हणजे तारेची वेटोळी असलेला मोटरचा गाभा. पिटमन कंपनीच्या अशा मोटरी मॉडेल रेल्वेच्या इंजिनांत वापरात होत्या, तिथून त्या स्लॉट कारवाल्यांनी उचलल्या. या जातीत बहुधा ॲल्निको चुंबक असतं, म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घालून केलेला मिश्रधातू. त्याची खोड अशी की चुंबकीय वाट मध्येच तुटली की ते स्वतःचंच बळ घालवून बसतं. आर्मेचर हा त्या वाटेवरचा पूल. तो काढला की मध्ये नुसती हवा उरते आणि चुंबक मंदावतं. आर्मेचर परत बसवलं तरी गेलेली ताकद येत नाही, मोटर नव्याने चुंबकित करून घ्यावी लागते.

हे मी ठेच खाऊन शिकलो. हाती आलेली पहिली जुनी मोटर मी हौसेने सुटी केली, बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) पुसले, कम्युटेटर (आर्मेचरच्या दांड्यावरचा, वीज आत घेणारा तांब्याचा भाग) लखलखीत केला, सगळं जागेवर बसवलं. मोकळी फिरवून पाहिली तर ती आधीपेक्षा जोरात फिरत होती! दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. ट्रॅकवर ठेवल्यावर कळलं की ओढायचा दम गेलाय, करंट वाढलाय आणि मोटर हात लावू देत नाही इतकी तापतेय. दुबळ्या चुंबकाची मोटर अशीच फसवते: मोकळी असताना पळते, ओझं आलं की बसते. नंतरच्या डबाबंद मोटरींत, म्हणजे जपानी माबुचीच्या १६डी, ३६डी वगैरेंत, फेराइट चुंबकं आहेत, त्यांना ही भीती नाही. तुमची मात्र उघडू नका.

न उघडताही बरंच करता येतं. दोन्ही बुशवर टाचणीच्या टोकाने हलक्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा. चाक बोटाने फिरवून गिअर कुठे अडत नाहीत ना ते बघा. कम्युटेटर कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, आर्मेचर हाताने फिरवत पुसा. ट्रॅकवर १२ व्होल्ट डीसी असतो म्हणून पहिल्याच फटक्यात तेवढा देऊ नका. करंट बांधता येणारा पॉवर सप्लाय असेल तर १ अँपिअरची मर्यादा घालून ३ व्होल्टपासून सुरुवात करा. नसेल तर दीड व्होल्टचे दोन सेल पहिल्या चाचणीला पुरतात. ब्रशपाशी, म्हणजे कम्युटेटरला टेकून वीज देणाऱ्या तुकड्यांपाशी, बारीक निळसर ठिणगी दिसली तर चिंता नको. मोठ्या पिवळ्या ठिणग्या किंवा जळका वास आला तर लगेच थांबवा, वेटोळ्यावरचं वार्निश गेलेलं असू शकतं.

टायर चालवण्याच्या लायकीचे नसणार. ओरबाडून काढू नका. चाक ॲक्सलवर आवळणारा बारीक ग्रब स्क्रू सैल होत असेल तर चाकासकट उतरवा आणि चालवण्यापुरती दुसरी जोडी लावा. जुना मऊ टायर प्लास्टिकला टेकवून कधीही ठेवू नये. त्यातले तेलकट घटक झिरपून प्लास्टिक विरघळल्यासारखं होतं. बॉडीच्या चाककमानीत वर्षानुवर्षं टेकलेल्या टायरचा ठसा मी पाहिलाय, तो निघत नाही.

आता ही गाडी कधीची? खुद्द जीटी४० १९६४ मध्ये आली, म्हणजे त्याआधीची बॉडी असणं शक्य नाही. दुसरी मर्यादा मोटर देते. सुरुवातीला मोटर सरळ असायची: दांडा मागच्या ॲक्सलशी काटकोनात आणि मुकुटासारखे दाते असलेला क्राउन गिअर. मग मोटर ॲक्सलला समांतर आडवी टाकणारे साइडवाइंडर वाढले. १९६८ च्या सुमारास मोटर तिरपी ठेवणारा अँगलवाइंडर आला आणि शर्यतीत बाकीच्यांची सद्दी संपली. तेव्हा सरळ, उघडी मोटर लावून मन लावून बांधलेली १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, गाडी बहुधा १९६४ ते १९६७ मधली. हा काळ अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसवेंच्या भराचा होता. ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक आणलं होतं, पण तो घरातल्या जमिनीवर मांडायचा १/३२ चा खेळ. रेसवेवरचे लाकडी ट्रॅक एखाद्या हॉलएवढे, बहुतेक आठ लेनचे, आणि तिथे तासाच्या भाड्याने गाडी पळवायची. कॉक्स, रेव्हेल, मोनोग्राम, के अँड बी यांची तयार किटं मिळत. पण दर आठवड्याला शर्यतीत उतरणारा माणूस लवकरच किटची चॅसिस बाजूला ठेवून नळी आणि तार घेऊन बसायचा. १९६० चं दशक सरता सरता रेसवे धडाधड बंद पडले आणि हजारो गाड्या अशा डब्यांत गेल्या.

किटची गाडी कारखान्याने आखलेली असते. स्क्रॅचबिल्ट, म्हणजे सुट्या नळ्या-तारांपासून स्वतः बांधलेल्या, गाडीत एका माणसाचे निर्णय दिसतात, आणि ते सगळे सोल्डरच्या डागांत असतात. म्हणून मी घासूपुसू नका म्हणतो. भिंग घेऊन खालून बघा. नळीवर, जोड नसलेल्या जागी, सोल्डरचा चपटा डाग दिसला तर तिथे आधी काहीतरी होतं. गाइड म्हणजे गाडीच्या नाकाखालची, ट्रॅकच्या खाचेत सरकणारी खुंटी; तिच्या दांडीला दोन जागी डाग असतील तर काकांनी ती पुढे-मागे करून पाहिली आहे. मागे शिशाची चकती चिकटवलेली असेल तर मागची चाकं घसरत होती. एका बाजूलाच शिसं असेल तर चॅसिसला पीळ होता आणि तो सरळ करण्याऐवजी वजन टाकून वेळ मारून नेली. (मीही हेच करतो.) पेस्ट लावून पितळ घासलंत की डाग जातात आणि त्यांच्याबरोबर ही सगळी हकिकतही. फक्त जोडांपाशी हिरवट भुकटी असेल तर ती काढा. ते आम्लयुक्त फ्लक्सचं (सोल्डर धरावं म्हणून लावतात त्या रसायनाचं) उरलेलं काम आहे, अजूनही धातू खातंय. मऊ कोरडा ब्रश, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेली कापसाची काडी, मग स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडं.

हात लावण्याआधी फोटो काढा: वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, पट्टी शेजारी ठेवून. व्हर्नियरने व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर), गाइडच्या खुंटीपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, नळ्यांचे व्यास, तारेची जाडी आणि गिअरचे दाते मोजून लिहा. वजन चार वेळा करा: पूर्ण गाडी, बॉडीशिवाय, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची. काकांबद्दल घरात कुणाला जे आठवत असेल, कुठे चालवायचे, कुणाबरोबर, ते त्याच कागदावर उतरवा आणि कागद डब्यात ठेवा. फोनमधलं टिपण गाडीबरोबर राहत नाही.

ही मापं हीच तुमच्या दुसऱ्या गाडीची सुरुवात.

आधी आकार समजून घ्या. खऱ्या जीटी४० चा व्हीलबेस ९५ इंच, म्हणजे २४१३ मिलिमीटर. २४ ने भागल्यावर १००.५ मिलिमीटर येतात. नावातले ४० म्हणजे तिची इंचांतली उंची, तीही भागली की छत जेमतेम ४२ मिलिमीटरवर येतं आणि मागचं झाकण त्याहून खाली. अख्खी चॅसिस, मोटर आणि ड्रायव्हरचा अर्धपुतळा यात बसवायचा आहे. उंच मोटर त्या काळात डोकेदुखी का होती, ते इथे कळतं.

नळ्या इंची मापाच्या घ्या, त्यामागे कारण आहे. हौशी कामाच्या अमेरिकी पितळी नळ्यांची भिंत ०.०१४ इंच असते आणि व्यास १/३२ इंचाने चढत जातो, त्यामुळे एक नळी पुढच्या नळीत अलगद सरकते. १/८ इंचाचं ॲक्सल ५/३२ च्या नळीत फिरतं. १/१६ ची पोलादी तार ३/३२ च्या नळीत फिरते, म्हणजे फुकटातली बिजागरी! त्या काळची अर्धी कल्पकता या दोन वाक्यांत आहे. मिलिमीटरच्या नळ्या घेतल्या तर कुठे ढिलं, कुठे घट्ट, आणि तुम्ही कानस घेऊन बसाल.

पितळ आणि पोलाद मिसळून का वापरायचं? पितळ जड, वाकत नाही असं नाही, पण वाकलं की वाकलेलंच राहतं. पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, वाकून परत येते. म्हणून मधला कणा तारांचा करतात, तो वळणावर किंचित पिळतो आणि आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवर राहतं. वजन मात्र पितळात, शक्य तितकं खाली. लक्षात ठेवा, या गाड्यांत रुळाला ओढून धरणारं चुंबक नाही. ती पकड नंतरच्या खेळण्यांत आली. इथे गाडी टिकते ती टायर, वजन आणि हा पीळ यांच्या जोरावर, म्हणून चॅसिस चुकली की लपवायला जागा नसते.

जिग, म्हणजे जोडताना भाग जागेवर धरणारा पाट, आधी करा. जाड, सपाट लाकडाची फळी चालते, पण सपाट आहे का ते काचेवर ठेवून बघा. त्यावर मध्यरेषा आखा, गुण्या लावून दोन्ही ॲक्सलच्या रेषा काढा आणि ॲक्सल जमिनीपासून योग्य उंचीवर धरतील असे ठोकळे खिळ्यांनी पक्के करा. मागे चॅसिसखाली मी साधारण दीड मिलिमीटर मोकळं ठेवतो. टायर झिजले की तेही कमी होतं, हे धरून चला.

क्रम असा. पहिल्यांदा मागच्या ॲक्सलची नळी आणि मोटरचा ब्रॅकेट एकमेकांना जोडा, बाकी काही नसताना. मोटरचा दांडा आणि ॲक्सल यांचा काटकोन इथेच ठरतो, नंतर दुरुस्त होत नाही. क्राउन गिअर आणि पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाते जुळवा, जोडून झाल्यावर पट्टी काढा, हवी तेवढी फट मिळते. मग कण्याच्या तारा, मग पुढची ॲक्सल, सगळ्यात शेवटी गाइडची दांडी. ती बिजागरीवर टांगा, म्हणजे पुढची चाकं उचलली तरी गाइड खाचेतच राहतं. या ड्रॉप आर्मला खाली यायला एक-दोन मिलिमीटर पुरेत. जास्त दिलंत तर गाडी आधी नाक वर करेल, मग उडेल.

सोल्डरिंगबद्दल जरा लांबण लावतो, कारण नव्या माणसाच्या गाड्या इथेच तुटतात. पितळ उष्णता खातं, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची २५ वॉटची सोल्डरिंगची काडी इथे रडते. मी जाड, छिन्नीसारख्या टोकाची ८० वॉटची वापरतो. ६३/३७ चं कथील-शिसं १८३ अंशांना वितळतं, ते बहुतेक जोडांना पुरतं. मोटरजवळच्या आणि मार बसणाऱ्या जागी चांदी मिसळलेलं घ्या. ९६ टक्के कथील आणि ४ टक्के चांदी असेल तर ते २२१ अंशांना वितळतं. हा फरक कामाचा आहे: आधी चांदीवाले जोड करून घ्या, मग शेजारी साधं सोल्डर लावताना ते सुटत नाहीत. पियानो वायर एमरीने घासून खरखरीत केल्याशिवाय आणि आम्लाचा फ्लक्स लावल्याशिवाय सोल्डर धरत नाही. दोन्ही भागांना आधी स्वतंत्रपणे सोल्डरचा मुलामा द्या, बारीक तांब्याच्या तारेने जोड बांधा आणि मग उष्णता द्या. सोल्डर काडीला टेकवू नका, धातूला टेकवा, धातूनेच ते वितळवलं पाहिजे. झालं की हलवू नका, फुंकर मारू नका. दिवस संपताना सगळी चॅसिस सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर साठ वर्षांनी दुसरं कुणीतरी ती हिरवी भुकटी काढत बसेल.

पियानो वायर साध्या पकडीने तोडायचा मोह टाळा. पकडीचं तोंड जातं आणि तुकडा डोळ्याच्या दिशेने उडतो. कटिंग डिस्क वापरा आणि चष्मा लावा. वाकवताना एकदाच वाकवा, चुकलं तर नवा तुकडा घ्या. लाल होईपर्यंत तापवलीत तर ती स्प्रिंग राहत नाही, नुसती तार उरते.

मोटरची तार नव्याने गुंडाळायची (वाइंड करायची) का? पहिल्या गाडीला नको. गणित सोपं आहे: फेरे कमी आणि तार जाड केली की वेग वाढतो, पण करंट आणि उष्णताही वाढते, ब्रेक मारायला अवघड होतं आणि हातातला, वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलरही बदलावा लागतो. भुकेल्या मोटरीला कमी ओहमचा कंट्रोलर लागतो, नाहीतर गाडी एकतर उभी किंवा सुसाट. कंट्रोलर तीन तारांचा घ्या. तिसरी तार बोट सोडल्यावर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडते, मोटर जनरेटर होते आणि स्वतःलाच थांबवते. साध्या मोटरीचा वेगही कमी नसतो. समजा ती ओझ्याखाली मिनिटाला २०,००० फेरे घेते, गिअर साडेतीनास एक आणि टायर एक इंची, तर गाडी ताशी २७ किलोमीटरच्या आसपास जाते. २४ ने गुणलंत तर साडेसहाशेच्या वर. खऱ्या जीटी४० ला हे स्वप्नातही जमलं नसतं.

बॉडीबाबत एकच जपायचं. काकांची पातळ बॉडी बहुधा ब्युटिरेट प्लास्टिकची असेल. ते आक्रसतं, पिवळं पडतं आणि कडांना चिरतं. तिला रंगाचा किंवा सॉल्व्हंटचा हात लावू नका, आणि नव्या गाडीचा साचा म्हणून तर बिलकूल वापरू नका, साच्यावर ओढायचा गरम प्लास्टिकचा पत्रा तिला वाकवून टाकेल. नव्या गाडीसाठी पॉलिकार्बोनेटची बॉडी मिळाली तर उत्तम. रंग आतून, म्हणजे उलट्या क्रमाने: वरून जे सगळ्यात पुढे दिसायचं ते आधी. आकडे आणि पट्टे पहिल्यांदा, मग मुख्य निळा, मग त्याच्या पाठीला पांढरा, नाहीतर पितळाची सावली आतून दिसते. खिडक्या आधी टेपने झाका. बॉडी चॅसिसला घट्ट आवळू नका. बाजूच्या नळ्यांत टाचण्या घालून किंचित हलती ठेवा, ती हलण्याने टकरीचा मार अर्धा होतो.

टायर बसवल्यावर मोटर हळू फिरवत सपाट ठोकळ्यावरच्या सँडपेपरला टेकवून गोल करा. मग चॅसिस काचेवर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत, एकाखालीही कागद जाता कामा नये. गेला तर जोड तापवून मोकळा करा आणि पुन्हा थंड होऊ द्या. हाताने पिळून सरळ करायला जाऊ नका.

एक विनंती. नव्या गाडीच्या पोटावर, खरवडून, तुमची आद्याक्षरं आणि बांधल्याचं साल टाका. हुबेहूब नक्कल काही वर्षांत काळी पडते आणि मग जुनी म्हणून खपवली जाते. अशा गाड्या मी भिंगाखाली बघून परत केल्यात. विकणारा दरवेळी लबाड असतोच असं नाही, पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं.

आता तो पिवळ्या टेपचा तुकडा. काढू नका. आठ लेनच्या अमेरिकी ट्रॅकला रंगांचा क्रम ठरलेला असायचा: लाल, पांढरा, हिरवा, केशरी, निळा, पिवळा, जांभळा, काळा. वळणावर उभा असलेला माणूस उडालेली गाडी उचलून योग्य खाचेत ठेवू शकावा म्हणून गाडीला लेनच्या रंगाची चिकटपट्टी लावत. प्रत्येक हीटनंतर (शर्यतीतल्या एका फेरीनंतर) लेन बदलायची, पट्टीही बदलायची. काकांनी ती शेवटची पट्टी बदलली नाही. तो तुकडा खरंच लेनची पट्टी असेल, तर डब्यात जाण्याआधी ही गाडी सहाव्या लेनवर धावत होती.